घरातील निवडुंगाला फूल येण्यासाठी

झाशी शहरात आज अनेक घरांच्या खिडक्यांत व व्हरांड्यांत निवडुंगाच्या लहान कुंड्या दिसतात. ही वनस्पती थोड्या पाण्यावर जगते, म्हणून ती लोकांना प्रिय झाली आहे. परंतु वर्षानुवर्षे सांभाळूनही तिला फूल येत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. अशा वेळी पालक अधिक पाणी व अधिक खत घालू लागतो आणि हिवाळ्याच्या अखेरीस वनस्पती बुंध्याशी कुजून जाते. निवडुंगाला फूल न येण्याचे मुख्य कारण हयगय हे नसून बाराही महिने एकसारखी केलेली शुश्रूषा हे आहे. वर्षाकाठी त्याला विश्रांतीचा काळ मिळाला पाहिजे. तो कसा द्यावा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

निवडुंग कशास म्हणावे

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन निरनिराळ्या कुलांतील वनस्पतींना लावतात. कुंपणावरील त्रिधारी निवडुंग हा एरंडाच्या कुलातील असून त्याचे खोड चिरल्यास पांढरा चीक निघतो. हा चीक डोळ्यांना अपायकारक असतो. फड्या निवडुंग मात्र खऱ्या निवडुंग कुलातील होय. या कुलाची ओळख सोपी आहे. त्याचे काटे लोकरीसारख्या मऊ, बारीक गादीतून झुपक्याने निघतात. या कुलाचे मूळ स्थान अमेरिका खंड असून भारतात दिसणाऱ्या त्याच्या जाती तेथूनच आलेल्या आहेत.

बुंदेलखंडास हे कुल आता केवळ शोभेपुरते राहिलेले नाही. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेत काटेविरहित फड्या निवडुंगाचा कोरडवाहू प्रदेशातील चारा म्हणून अभ्यास झाला आहे. अवर्षणात गुरांना उपयोगी पडणारा जो गुण, तोच कुंडीतील निवडुंगाच्या स्वभावाची किल्ली आहे.

रात्री श्वास घेणारी वनस्पती

बहुतेक वनस्पती दिवसा आपली त्वग्रंध्रे उघडून हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आत घेतात. निवडुंगाने तसे केल्यास त्याचे साठवलेले पाणी उन्हात उडून जाईल. म्हणून तो रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडतो, आत आलेला वायू आम्लाच्या रूपाने साठवतो आणि दिवसा रंध्रे मिटून त्या साठ्यापासून सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतो. या प्रकाराची एक आरंभीची नोंद भारतातच झाली. येथे काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांना पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारी बेचव लागल्याचे आढळले. त्यांचे यासंबंधीचे पत्र १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. निवडुंगाला दिवसा भरपूर प्रकाश हवा, आणि रात्र थंड व हवेशीर हवी. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, बंद हवेत ठेवलेल्या कुंडीस यांपैकी काहीच मिळत नाही. अशा रोपाचा शेंडा फिकट, बारीक व टोकदार होतो. पुष्कळजण ही वाढ समजून आनंदित होतात, पण ती प्रकाशाच्या उपासमारीची खूण होय.

विश्रांतीचा काळ

वाळवंटी व डोंगराळ मुलखांतील गोल निवडुंगांना मूळ स्थानी कोरडा व थंड हिवाळा लाभतो. त्या काळात वाढ थांबते, आणि पुढे ऊब व ओलावा मिळताच कळ्या फुटतात. हिवाळ्यात पाणी चालू ठेवल्यास हा क्रम मोडतो.

झाशीकराचे भाग्य असे की, हा हिवाळा त्याला निसर्गतःच मिळतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री येथील पारा पुष्कळदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गोल निवडुंगांचे पाणी जवळजवळ पूर्ण बंद ठेवावे. अंग किंचित सुरकुतले तरी घाबरू नये. कोरडे रोप थंडी अधिक सहन करते, ओले रोप कुजते. कडाक्याच्या रात्री तेवढी कुंडी आत घ्यावी, परंतु शेगडी किंवा विजेच्या हीटरजवळ ठेवू नये.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात प्रथम थोडे पाणी द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर मात्र कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी घालावे. पुढे सारी माती कोरडी झाल्याखेरीज पुन्हा देऊ नये. कोरड्या काडीने हे पाहता येते: काडी तळापर्यंत खुपसून काढावी, तिला ओली माती चिकटली असल्यास थांबावे.

मे-जूनमध्ये येथील रात्रीही तप्त असतात. तेव्हा निवडुंग पुन्हा मंदावतो. म्हणून त्या दिवसांत पाणी बेताने व सायंकाळी द्यावे. पावसाळ्यात वाढ जोमाने होते, पण सततच्या सरींपासून कुंडी बचावली पाहिजे.

खिडकीची निवड

झाशी सुमारे २५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य तेथे क्षितिजापासून जेमतेम ४१ अंश वर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर येते. जूनच्या अखेरीस तोच सूर्य जवळजवळ माथ्यावर, ८८ अंशांवर असतो आणि त्याच खिडकीत ऊन शिरत नाही. सबब हिवाळ्यात कुंडी दक्षिणेच्या खिडकीत व उन्हाळ्यात पूर्वेच्या खिडकीत किंवा व्हरांड्यात ठेवावी. उन्हाळ्यातील पश्चिमेचे दुपारचे ऊन मात्र टाळावे. सावलीतले रोप एकदम प्रखर उन्हात नेल्यास भाजते, म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू सरावावे.

माती व खत

बुंदेलखंडातील ‘मार’ नावाची काळी माती पाणी धरून ठेवते; ती कुंडीस निरुपयोगी आहे. लाल, भुसभुशीत ‘राकड’ मातीचा एक भाग, जाड वाळूचा एक भाग आणि विटांचे बारीक तुकडे व कुजलेला पालापाचोळा मिळून एक भाग असे मिश्रण करावे. कुंडी रोपापेक्षा थोडीशीच मोठी असावी व तळाला भोक असावे. मार्चपासून महिन्यातून एकदा सौम्य खत पुरे. नायट्रोजन जास्त झाल्यास अंग फुगते व फुले राहून जातात.

कोणती जात निवडावी

मॅमिलेरिया व रिब्युशिया या लहान जाती तीन-चार वर्षांत फुलू शकतात. नवशिक्याने त्यांपासून प्रारंभ करावा. मॅमिलेरियाच्या फुलांचे कडे गतवर्षी वाढलेल्या भागावर येते. म्हणजे यंदाच्या पावसाळ्यातील निगा पुढील वसंतात फुलते. याउलट अमेरिकेतील प्रचंड सगुआरो निवडुंग सुमारे ३५ वर्षांचा झाल्यावर फुलू लागतो. तेव्हा खरेदीपूर्वी जात विचारून घ्यावी. कलम केलेल्या निवडुंगावरील लाल वा पिवळा गोळा हे फूल नव्हे. तो हरितद्रव्य नसलेला दुसराच निवडुंग असतो. काही वेळा वाळलेली फुले डिंकाने चिकटवूनही रोपे विकतात.

ब्रह्मकमळ

मराठी घरांत ज्याला ‘ब्रह्मकमळ’ म्हणतात, तोही निवडुंगच होय. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ वेगळे असून ते सूर्यफुलाच्या कुलातील आहे. आपल्या कुंडीतील वनस्पती एपिफायलम ऑक्सिपेटॅलम ही असून तिचे मूळ मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील अरण्यांत आहे. तिची ‘पाने’ ही वास्तविक चपटी खोडे असून त्यांच्या कडांवरील खाचांतून कळ्या निघतात. फूल सूर्यास्तानंतर उमलते व पहाटेपर्यंत मिटते. अरण्यातील वृक्षांवर वाढणारी ही जात असल्याने तिला चाळणीसारखे ऊन, पालापाचोळ्याची माती व हिवाळ्यातही थोडा ओलावा हवा. वाळवंटी निवडुंगांचा पूर्ण उपास तिला लागू करू नये.

ब्राझीलच्या अरण्यातील श्लुम्बर्गेरा ही जात लांब रात्रींवर अवलंबून असते. डिसेंबरमध्ये झाशीत रात्र सुमारे साडेतेरा तासांची असते. परंतु खोलीतील विजेचा दिवा उशिरापर्यंत जळत राहिल्यास वनस्पतीची रात्र आखूड होते व कळ्या धरत नाहीत.

एक सोपा प्रयोग

एकाच जातीची, एकाच वयाची चार रोपे घ्यावीत. दोन रोपे हिवाळाभर थंड व उजेडाच्या खिडकीत कोरडी ठेवावीत. उरलेली दोन उबदार खोलीत ठेवून दर आठवड्यास पाणी द्यावे. पाण्याच्या तारखा, रात्रीचे तापमान व पहिल्या कळीचा दिवस वहीत नोंदवावा. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही जोड्यांची तुलना केल्यास विश्रांतीचे महत्त्व विद्यार्थ्यास स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पाळावयाचा नियम एवढाच की, निवडुंगाचे मूळ स्थान व त्याचे ऋतू प्रथम जाणून घ्यावेत, आणि मग पाण्याच्या भांड्यास हात लावावा.