हौशी गळ आणि चोणकाचे बीज

देवगड तालुक्यातील कुणकेश्वरचे मंदिर अगदी समुद्रकाठी आहे. दर्शनाला येणाऱ्यांबरोबर समुद्रासाठी येणारे पर्यटकही येथे बरेच असतात. कोकण किनाऱ्यावर रापण आणि होडीवर पोट असणाऱ्यांच्या जोडीला, खडकावर किंवा खाडीमुखाशी हौसेने गळ टाकणारेही आढळतात. त्यांच्या आवडीचा एक मासा म्हणजे चोणक. रायगडकडे त्यालाच जिताडा म्हणतात.

या माशाचे जीवनचक्र विलक्षण आहे. चोणक प्रथम नर म्हणून वयात येतो आणि पुढे, बहुधा पाच ते सात वर्षांचा झाल्यावर, मादी बनतो. म्हणजे मोठा चोणक ही बहुतेक वेळा अंडी देणारी मादीच असते. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. पावसाळ्याच्या सुमारास ती अंडी घालण्यासाठी खाडीमुखाकडे येते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौका बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या असतात. खडकावरचा गळ मात्र चालूच राहू शकतो.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. चंदेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. माशाला निदान एकदा तरी अंडी घालता यावीत, हा यामागील हेतू होय. परंतु चोणकासारख्या माशाला केवळ खालची मर्यादा पुरत नाही. लहान सोडून मोठे तेवढे धरले, तर माद्याच संपतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हाच मासा ५८ सेंटिमीटरहून लहान किंवा १२० सेंटिमीटरहून मोठा असल्यास हौशी माणसाला ठेवता येत नाही. पूर्व किनाऱ्यावर विणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते जानेवारी, तो धरण्यासही मनाई असते.

हौशी माणसाच्या एका माशाने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेचा अनुभव वेगळा आहे. तेथील स्ट्राइप्ड बास हा मासा अतिमासेमारीने रोडावल्यावर मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली, आणि १९९५ साली तो सावरल्याचे जाहीर झाले. पुढे व्यावसायिकांपेक्षा हौशी मंडळींचाच वाटा मोठा झाला. २०१९ मध्ये साठा पुन्हा खालावल्याचे दिसून आले. २०२३ साली समुद्रात गळ टाकणाऱ्याला दिवसाला एकच मासा, तोही सुमारे ७१ ते ७९ सेंटिमीटरचा, अशी मर्यादा घालावी लागली.

मासेमारीचे कायदे करणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. तथापि किनाऱ्यावर मापाची खूण असलेला फलक लावणे, पावसाळ्यात खाडीमुख मोकळे सोडण्याची विनंती करणे आणि शाळेत चोणकाचे जीवनचक्र शिकविणे तिला व शिक्षकांना सहज शक्य आहे. सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा, कल्ल्यांत बोटे घालू नयेत. गळ खोल गिळला असल्यास तो ओढून न काढता दोरी तोंडाजवळ कापावी. तसा मासा पुष्कळदा जगतो.