शुगर नाही, असं कोण म्हणालं?

एप्रिल 2021. करोनाची दुसरी लाट. मुंबई महापालिकेच्या डी वॉर्डच्या वॉर रूमला फोन करकरून भावोजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, एकदाचा ऑक्सिजनचा बेड मिळाला. भरती करताना विचारलं, "बीपी, शुगर?" धापा टाकत ते म्हणाले, "काही नाही." कागदावर तसंच उमटलं. वय बावन्न, आणि रक्तातली साखर जन्मात एकदाही तपासलेली नव्हती.

खुणा होत्या. गिरगावातल्या आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, त्यामुळे रात्री कोण किती वेळा उठतं ते सगळ्या मजल्याला ठाऊक. भावोजी दोन-तीनदा उठायचे, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचे, पँट कमरेत सैल झाली होती. शेजारच्या काकूंनी तर "वजन बरं उतरवलंत हो!" म्हणून कौतुकही केलं.

वॉर्डात बोट टोचलं तेव्हा साखर 380 निघाली. स्टेरॉइडचा एकही डोस तोवर गेला नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे नातेवाईक "त्या स्टेरॉइडनंच शुगर लावली" म्हणत राहिले. दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 11 च्या पुढे होती; 6.5 ला मधुमेह धरतात. म्हणजे दुखणं करोनाच्या आधीपासून घरात मुक्कामाला होतं.

मोठ्या संसर्गात शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं आणि साखर चढते. चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, लघवीवाटे पाणी निघून जातं, रक्त गुठळ्या धरण्याकडे झुकतं. त्यात ऑक्सिजन लागणाऱ्या करोना रुग्णाला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावंच लागतं. त्यानं जीव वाचतात हे 2020 च्या ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं. पण तेच औषध साखर आणखी वर नेतं, विशेषतः दुपारनंतर. सकाळी उपाशीपोटी आकडा बरा दिसतो आणि संध्याकाळी 400 च्या पुढे जातो. म्हणून फक्त सकाळच्या रिपोर्टवर समाधान मानू नये, जेवणानंतरचे आणि संध्याकाळचे आकडेही विचारावेत. वॉर्डात साधारणपणे 140 ते 180 च्या दरम्यान साखर ठेवायचा प्रयत्न असतो. त्यासाठी इन्सुलिन लागलं तर "आता जन्माचं मागे लागलं" म्हणून घाबरू नये.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. साखर फार चढून इन्सुलिन कमी पडलं की रक्तात कीटोन साठतात आणि माणूस खोल, भराभर श्वास घेऊ लागतो. करोनाच्या वॉर्डात तो दम न्यूमोनियाचाच वाटू शकतो. साखर फार चढलेली असेल तर "कीटोन पाहिलेत का?" असं नातेवाइकांनी विचारावं. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

घरी आल्यावर नाक, डोळे आणि दातांवर लक्ष ठेवायचं. एका बाजूचा गाल दुखणं, नाकातून काळपट स्राव, दोन-दोन दिसणं, दात हलणं यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकर या बुरशीनं किती जणांचे डोळे नेले! त्यातले कितीतरी मधुमेही होते.

भावोजींचं इन्सुलिन पुढे डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्यानं बंद केलं, आता गोळ्यांवर आहेत. काहींचं नशीब याहून बरं असतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये करोनासाठी दाखल झाल्यावर ज्यांना पहिल्यांदाच मधुमेह कळला, त्यांतल्या वाचलेल्या सुमारे 40 टक्के लोकांची साखर नंतर मधुमेहाच्या रेषेखाली आली. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी हवीच. औषध मात्र मनानं बंद करायचं नाही.

करोना ओसरला, पण पावसाळ्यात डेंग्यू येतोच. ताप आला की आपल्याकडे पेशंटच्या हातात ग्लुकोजचं पाणी आणि फळांचा रस देतात. ज्याची साखर कधी पाहिलेली नाही, त्याची आधी पाहावी. पाणी भरपूर द्यावं, पण ते गोडच असायला हवं असं नाही.

महापालिकेच्या 2021 च्या पाहणीत सुमारे 18 टक्के प्रौढ मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर 126 च्या वर होती. आमच्या वाडीतलं गणेशोत्सवातलं आरोग्य शिबिर आठवा: बीपीला रांग लागते आणि बोट टोचायची वेळ आली की "आत्ताच मोदक खाल्लाय" म्हणून मंडळी सटकतात. मोदक खाऊनही 200 च्या वर गेलेला आकडा सोडून देण्यासारखा नसतो. आणि एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, मोदकाची सबब तिथे चालत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकानं ती करावी, घरात कुणाला मधुमेह असेल तर आधीच. भावोजींनंतर आमच्या यजमानांची करून घेतली. 6.1 आली. आता ते रोज संध्याकाळी चौपाटीपर्यंत चालत जातात, कुरकुरत.