गेला पैसा, पुढचा पैसा

समजा, धडगावच्या डोंगरात एका भावाने विहीर खोदायला घेतली. आमचूर विकून आलेला पैसा सुरुंगाला गेला. तीस हात खाली गेले, तरी कोरडा खडकच. जाणती माणसे म्हणाली, "इथं पाणी नाही. थांब आता." तो म्हणाला, "एवढा पैसा घातला, आता कसं सोडायचं?" त्याने बैलजोडी विकली. आणखी दहा हात खोदले. विहीर कोरडीच राहिली आणि बैलही गेले.

हा भाऊ मूर्ख नव्हता. आपणा सर्वांचे मन असेच चालते. काम सोडले, तर पैसा फुकट गेला असे कबूल करावे लागते. चार लोक हसतील, ही भीती असते. म्हणून माणूस गेलेल्या पैशामागे आणखी पैसा घालतो.

सरकारही माणसेच चालवतात. तिथेही असे घडते. आणि तिथला पैसा आपणा सर्वांचा असतो. एक घडलेली गोष्ट आम्ही सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, समुद्रकाठी दाभोळ वीज प्रकल्प आहे. तो एन्रॉन या अमेरिकन कंपनीने काढला. १९९३ साली राज्याच्या वीज मंडळाने करार केला. वीज कमी घेतली, तरी ठराविक पैसे द्यायचेच, असे त्यात होते. १९९५ साली सरकारने करार रद्द केला. पण काम सुरू झाले होते. कंपनीने भरपाईचा दावा लावला. मग नवा करार झाला. प्रकल्प लहान झाला नाही, उलट वाढला.

१९९९ साली वीज सुरू झाली. ती नाफ्त्यावर होई. नाफ्ता खनिज तेलापासून निघतो. वीज फार महाग पडली. मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणे बंद केले. त्याच डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. आपल्या बँकांचे कर्ज अडकले.

२००५ साली सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हाती घेतला. पुन्हा पैसा घातला. एवढा मोठा कारखाना गंजू कसा द्यायचा, हे म्हणणे वावगे नव्हते. पण खरा प्रश्न निराळा होता. पुढे गॅस मिळेल का? कोणत्या भावाने? पुरेसा गॅस मिळाला नाही. २०१३ साली प्रकल्प थांबला. पुढे रेल्वेला वीज देण्यासाठी त्याचा काही भागच चालू झाला.

कोळसा, तेल, गॅस यांवर पैसा जात राहतो, त्याला आणखीही कारणे आहेत. ओळखीची वाट बरी वाटते. धुराचे नुकसान हळूहळू होते, म्हणून ते वहीत चढत नाही. खाणीवर कित्येक घरांची चूल पेटते. त्या मजुरांची सोय आधी पाहिलीच पाहिजे. सौर विजेलाही खर्च आहे, कारण रात्री सूर्य नसतो.

म्हणून प्रत्येक कामाला एकच हिशेब लावावा. गेलेला पैसा बाजूला ठेवावा आणि विचारावे:

१. आजपासून आणखी किती घालायचे?
२. त्यातून काय मिळेल?
३. तेवढ्याच पैशात दुसरे काय होईल?

ग्रामसभेत बंधाऱ्याचा, रस्त्याचा, पंपाचा विषय निघेल. तेव्हा उभे राहा आणि हे तीन प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.

शब्दांचे अर्थ
करार – दोघांनी लिहून ठरवलेली बोली.
दिवाळे – देणे फेडता न येणे.

सांगा पाहू
१. वीज मंडळाने वीज घेणे का बंद केले?
२. "एवढा पैसा घातला" म्हणून तुमच्या गावात कोणते काम चालू आहे? त्याला वरचे तीन प्रश्न लावा.