तोंडातील पांढरा थर आणि बुरशीचे निरोप

मागच्या महिन्यात एका आजींना त्यांची सून दवाखान्यात घेऊन आली. "डॉक्टर, महिना झाला, सासूबाईंचं तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्स झालं, दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्याही आणल्या. आता तर आमटीभातही जात नाही."

मी आजींना कवळी काढायला सांगितले. टाळू लालभडक होती. जिभेवर आणि गालांच्या आत दह्यासारखे पांढरे थर होते. बोळ्याने पुसले की निघत आणि खाली लाल जागा दिसे. हे नेहमीचे तोंड येणे नव्हते. ही 'कँडिडा अल्बिकन्स' नावाची बुरशी होती.

"बुरशी? अहो, मी रोज चुळा भरते!" आजी रागावल्या. त्यांचा राग रास्तच होता. ही बुरशी अस्वच्छतेमुळे बाहेरून येते असे नाही. कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात ती गुपचूप राहते. मग ती एकाएकी का उठते?

या बुरशीची मुख्य रूपे दोन. एक गोल पेशीचे, तर दुसरे लांब तंतूंचे. गोल रूप बहुधा निरुपद्रवी असते, पण तंतू तोंडाच्या नाजूक अस्तरात घुसतात. हे तंतू 'कँडिडालायसिन' नावाचे विष सोडून अस्तराला इजा करतात, असे 2016 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

रूप बदलण्याच्या कामी बुरशीच्या पेशी एकमेकींना चक्क रासायनिक निरोप धाडतात! 2001 साली अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात केनेथ निकरसन व सहकाऱ्यांनी असे एक द्रव्य ओळखले. त्याचे नाव फार्नेसॉल. काही सुवासिक फुलांच्या तेलातही ते असते. प्रत्येक पेशी ते थोडे थोडे बाहेर सोडते. प्रयोगशाळेत एका मिलिलिटरमध्ये साधारण 10 लाखांहून अधिक पेशी झाल्या की ते पुरेसे साचते आणि तंतू फुटणे थांबते. पेशी विरळ असल्या की तंतू फुटतात. 2004 साली टायरोसॉल हे दुसरे द्रव्य सापडले. ते उलट तंतू फुटण्यास मदत करते.

वाचक विचारतील, मग फार्नेसॉलच औषध म्हणून का देऊ नये? उंदरांवर तसा प्रयोग झाला. 2007 साली दिसले की, फार्नेसॉल दिलेले आजारी उंदीर उलट जास्त मेले. शरीर म्हणजे काचेची नळी नव्हे. तेथे शरीराची ऊब, रक्तातील घटक, शेजारचे जिवाणू आणि आपली प्रतिकारशक्ती हे सारेच बुरशीच्या वागण्यावर परिणाम करतात.

आपल्या हाती आहे ते एवढेच, की बुरशीला अनुकूल परिस्थिती निर्माण होऊ द्यायची नाही. अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. तिला आवर घालणारे जिवाणू मात्र मरतात. आजींच्या बाबतीत तेच झाले होते. शिवाय त्या रात्रीही कवळी काढत नसत. मी रक्त तपासायला सांगितले, तर उपाशीपोटी साखर 212 निघाली! आजींना मधुमेह आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. वाढलेल्या साखरेने बुरशीला खाद्य मिळते आणि प्रतिकारशक्ती मंदावते.

बुरशीविरोधी औषध आणि मधुमेहाचे उपचार सुरू केले. पंधरा दिवसांनी आजी आल्या त्या ज्वारीची भाकरी खाऊनच.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. रात्री कवळी काढून, घासून पाण्यात ठेवावी. दम्याचा स्टेरॉईडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरावी. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नये. तोंडात पांढरा थर वारंवार येत असेल तर रक्तातील साखर तपासावी. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील पांढरा चट्टा पुसून निघत नसेल, तर मात्र एक दिवसही न दवडता डॉक्टरांना दाखवावे. ती कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते.