मुकी पेटी : घरच्या ध्वनिमुद्रणासाठीं मिडी-कीबोर्ड कसा निवडावा

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर एक पालक लांबट खोकें बगलेंत मारून आमच्याकडे आले. चिरंजिवांस गाणें घरींच मुद्रित करण्याची हौस. म्हणून काटकसर करून त्यांनीं हें यंत्र घेतलें होतें. "सर, सगळ्या पट्ट्या दाबून पाहिल्या, एकींतून सूर निघेल तर शपथ! दुकानदारानें फसविलें आम्हांस." दुकानदारानें फसविलें नव्हतें, पण आपण काय विकीत आहों हें त्यानें सांगितलेंहि नव्हतें. असा प्रसंग आणखी कोणावर येऊं नये म्हणून हा लेख.

पेटीची पट्टी दाबली म्हणजे भात्यांतील वारा पितळी पत्तीवरून जातो व सूर उमटतो. मिडी-कीबोर्डांत ना भाता, ना पत्ती, ना कर्णा. अमुक क्रमांकाची पट्टी अमुक वेगानें दाबली, आणि मग ती सोडली, एवढेंच तो तारेवाटे संगणकास कळवितो. मध्य सप्तकांतील पांढरी एक हिचा क्रमांक ६०. सूर तयार करतें तें संगणकांतील सॉफ्टवेअर. म्हणूनच एकदां वाजविलेली चाल मागाहून बासरीवर ऐकतां येते, आणि चुकलेला एखादा सूर वहींतील अक्षराप्रमाणें खोडून सुधारतां येतो.

ही सांकेतिक भाषा १९८३ सालीं प्रचारांत आली. त्या वर्षाच्या जानेवारींत अमेरिकेंतील एका प्रदर्शनांत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं. डेव्ह स्मिथ व जपानचे इकुतारो काकेहाशी ह्यांस या कामाबद्दल २०१३ मध्यें ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कृपेनें आज कोणत्याहि कंपनीचा कीबोर्ड बहुतेक कोणत्याहि संगीत-सॉफ्टवेअरशीं बोलतो; तेव्हां नांवाच्या मोठेपणासाठीं पैसे मोजूं नयेत.

पट्ट्या किती असाव्यात? २५ पट्ट्यांत दोन सप्तकें, ४९ मध्यें चार, ६१ मध्यें पांच. पेटी बहुधा तीन ते साडेतीन सप्तकांची असते. म्हणून पेटी वाजविणाऱ्यास ४९ पुरे. लहान कीबोर्डावर सप्तक बदलण्याच्या कळी असतात खऱ्या, पण दोन्ही हातांनीं वाजवूं लागतांच जागा अपुरी पडते. काळी चारचें गाणें पांढरी एकच्या बोटांनीं वाजवूं देणारी कळहि पुष्कळांवर असते. शिकणाऱ्यानें तिच्या नादीं लागूं नये.

खरी परीक्षा पट्टीच्या स्पर्शाची. पेटीचा आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळें. पट्टी हळू दाबा कीं आपटा, सूर तेवढाच. येथें पट्टी किती वेगानें खालीं गेली हें १ ते १२७ अशा आंकड्यांत मोजलें जातें, व सूर मृदु कीं मोठा हें त्यावर ठरतें. आमचा हात लहानपणापासून पेटीवर बसलेला. आम्हीं प्रथम एक साधी चाल मुद्रित केली, तेव्हां पडद्यावर एका सुराशेजारीं ४० तर दुसऱ्याशेजारीं ११० असे आंकडे दिसले, आणि चाल लंगडत चालल्यासारखी ऐकूं आली. दोष आमच्या बोटांचा होता; भात्यानें तो इतकीं वर्षें झांकून ठेवला होता. दुकानांत एकच पट्टी हळू, मध्यम व जोरानें दाबून तीन निराळे आवाज येतात कीं नाहीं तें पाहावें. येत नसतील तर कीबोर्ड परत द्यावा. पियानो शिकणाऱ्यास आंत हातोडीचें वजन असलेल्या जड पट्ट्या हव्यात. पेटीवरील द्रुत ताना घेणाऱ्याचीं बोटें मात्र त्यांवर थकतात, त्यास स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्याच बऱ्या.

भात्यापासून मोकळ्या झालेल्या डाव्या हातास काम देतें तें डावीकडील सूर वांकविणारें चाक. पेटींत मींड नाहीं ही गवयांची जुनी तक्रार. सतारीचा आवाज निवडला कीं या चाकानें ती कांहीं अंशीं भागते. चाक वा तशी पट्टिका नसलेला कीबोर्ड आमच्या संगीतास अपुरा होय. चकचकीत गोल बटणें मात्र कितीहि कमी असलीं तरी चालेल.

जोडणी यूएसबी तारेची असावी. जुन्या यंत्रास केवळ पांच टोंकांचें गोल छिद्र असेल तर मध्यें आणखी एक उपकरण घ्यावें लागतें. सूर उशिरा आला तर दोष बहुधा संगणकाच्या मांडणीचा असतो : तो आवाजाचे नमुने सांठवून मग पाठवितो. सेकंदास ४४,१०० नमुने या गतीनें २५६ नमुन्यांचा सांठा म्हणजे सुमारें ६ सहस्रांश सेकंद, हा विलंब खटकत नाहीं. २,०४८ चा ४६, तो खटकतो.

त्या पालकांचा कीबोर्ड आम्हीं शाळेच्या संगणकास जोडला, एक फुकट मिळणारें सॉफ्टवेअर उघडलें व बासरी निवडली. पट्ट्या २५ च होत्या. चिरंजीव त्यांवर खूष होते. वडिलांनीं एक बोट पुढें करून काळी चारवर हळूच ठेवलें. सूर उमटला. मग त्यांनीं तीच पट्टी जरा जोरानें दाबली.