खेळणारा आणि खेळ घडविणारा



गेल्या वर्षी नववीच्या वर्गास आम्ही एक निबंध लिहावयास दिला होता. विषय जुनाच होता : ‘मी कोण होणार?’ कोणी डॉक्टर होणार होते, कोणी शिक्षक, कोणी जहाजावर नोकरी धरणार होते. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, तेव्हापासून निबंधांत विमानतळावरील नोकरीही वारंवार डोकावू लागली आहे. एका मुलाने मात्र लिहिले होते, ‘मी व्हिडिओ गेमचा प्रोग्रामर होणार.’ आम्ही ते वाक्य मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला, आणि कबूल करावयास हवे, त्या हसण्यात आम्हीही सामील झालो.

मुलगा खाली मान घालून बसला. पुढे महिनाभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही. एके दिवशी त्याचे वडील शाळेत आले. ‘‘सर, हा रात्र-रात्र मोबाईल सोडत नाही. वर म्हणतो, हाच माझा अभ्यास. तुम्हीच त्याला समजावा,’’ असे ते काकुळतीने म्हणाले. समजवावयाचे तर आधी आपणास समजले पाहिजे. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर. तेव्हा आम्ही काही पुस्तके चाळली, जाणकारांस विचारले, आणि संगणकाच्या खोलीत स्वतः बसून पाहिले. त्यातून जे कळले ते आपणापुढे ठेवीत आहोत. हा लेख म्हणजे त्या दिवशीच्या आमच्या हसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. खेळ खेळणे आणि खेळ घडविणे ही दोन अगदी भिन्न कामे आहेत. रोज भाकरी खाणारा मनुष्य तेवढ्याने भाकरी थापावयास शिकत नाही. आपल्या पेडणे तालुक्यातील जत्रांत आपण दशावतार पाहतो. त्यात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते. देव कोण, दैत्य कोण, कोणाचा वध व्हावयाचा हेही ठरलेले असते. परंतु संभाषणे मात्र नट रंगमंचावर उभ्या-उभ्या रचतात. म्हणून तेच आख्यान दोन रात्री पाहिले तरी दोन्ही रात्री ते निराळे होते. व्हिडिओ गेमची रचनाही काहीशी अशीच असते. नियम, जागा आणि पात्रे घडविणारा आधी ठरवितो. प्रत्यक्ष काय घडावे हे खेळणारा आयत्या वेळी ठरवितो. मात्र खेळणारा जे जे करू शकेल त्या सर्वांचा विचार घडविणाऱ्यास अगोदर करून ठेवावा लागतो. प्रोग्रामरचे खरे काम ते हेच.

या विद्येचा उगम काही बाजारात झालेला नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या लोकांच्या मनोरंजनासाठी, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा एक खेळ तयार केला. फेकलेल्या वस्तूचा मार्ग गणिताने काढणारे यंत्र त्याच्यापाशी होते. तोच मार्ग त्याने चेंडूस दिला. पुढे १९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याचे सहकारी यांनी ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. म्हणजे या खेळांच्या मुळाशी भौतिकशास्त्र आणि गणित ही होती, आणि आजही ती तशीच आहेत.

आता खेळ आतून कसा चालतो ते पाहू. पडद्यावर आपणास पात्र धावताना दिसते; वस्तुतः तेथे काहीच धावत नसते. संगणक तीन कामे एकामागून एक करीत असतो. खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली हे तो पाहतो. त्यानुसार प्रत्येक वस्तूची नवी जागा मोजतो. आणि मग सारे चित्र नव्याने काढतो. हे चक्र पुष्कळ खेळांत सेकंदाला ६० वेळा फिरते. म्हणजे तिन्ही कामांस मिळून सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे १७ भाग एवढाच अवधी मिळतो. हिशेब लांबला तर चित्र अडखळते. यासाठीच थोडक्या पायऱ्यांत हिशेब उरकण्याची सवय प्रोग्रामरला लावून घ्यावी लागते.

एक उदाहरण वहीवर करून पाहा. पात्राने उडी मारली आहे. त्याचा आरंभीचा वेग १२ घ्या. चक्राच्या प्रत्येक फेरीत दोन गोष्टी करा : आधी उंचीत वेग मिळवा, मग वेगातून २ वजा करा. हे २ म्हणजे आपले गुरुत्वाकर्षण होय. उंची अशी येईल : १२, २२, ३०, ३६, ४०, ४२, पुन्हा ४२, मग ४०, ३६, ३०, २२, १२ आणि अखेर ०. आलेखकागदावर हे बिंदू समान अंतराने मांडून जोडा. हवेत फेकलेल्या दगडाचा वक्र डोळ्यांसमोर येईल. वर जाताना गती मंदावते, माथ्यावर क्षणभर थांबल्यासारखे होते, आणि खाली येताना गती वाढते. एवढे सारे केवळ एका बेरजेने आणि एका वजाबाकीने साधले!

परंतु येथेच थांबू नका. चौदाव्या फेरीत काय होईल? वेग आता उणे १४ आहे. म्हणून उंची उणे १४ होईल आणि आपले पात्र जमिनीखाली जाईल! संगणकास जमीन कळत नाही. ‘उंची शून्याहून कमी झाली तर ती शून्य कर आणि वेगही शून्य कर,’ असे आपण सांगितले तरच त्याला जमीन आहे. या विद्येत चुका अशा असतात. त्या शोधून काढण्यात प्रोग्रामरच्या दिवसाचा मोठा भाग जातो. ज्याला गणिताच्या वहीत आपली चूक कोठे झाली हे शोधण्याचा कंटाळा येत नाही, त्याने या वाटेस जरूर जावे.

हे सारे दूर देशीच चालते असे मानू नये. मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ साली ‘इंडियागेम्स’ ही संस्था काढली. पुण्यात ‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीने २००८ साली आपले काम सुरू केले. पण आम्हांस विशेष सांगावेसे वाटते ते पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेविषयी. श्रुती घोष, अविचल सिंग व इयन मॉड यांनी ती उभी केली. ‘राजी’ नावाची मुलगी दैत्यांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते, अशी त्यांच्या खेळाची कथा. भारतीय लघुचित्रे आणि पुराणकथा यांचा त्यात आधार घेतला आहे. २०१७ साली लोकांकडून वर्गणी मिळवून भांडवल उभारण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो साधला नाही. काम थांबू नये म्हणून श्रुती घोष यांनी आपली सदनिका विकली. अखेर ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत नवोदितांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. घर विकण्याचा उपदेश आम्ही कोणास करणार नाही. सांगावयाचे ते इतकेच, की पडद्यावरील काही तासांच्या करमणुकीमागे काही वर्षांचे कष्ट असतात.

मग या वाटेस लागावे कसे? दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान यांवर पकड ठेवावी. भूमितीतील निर्देशक, त्रिकोणमिती, वेग व त्वरण हे पाठ परीक्षेपुरते पाठ करू नयेत. वर पाहिल्याप्रमाणे तेच पुढे कामी येतात. इंग्रजी वाचता यावे, कारण या विषयाची बहुतेक पुस्तके त्या भाषेत आहेत. लहान मुलांनी ‘स्क्रॅच’पासून आरंभ करावा, त्यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांस जोडून खेळ रचता येतो. मोठ्यांनी ‘पायथन’, ‘सी शार्प’ किंवा ‘सी प्लस प्लस’ यांपैकी एक भाषा घेऊन ती नीट शिकावी. ‘गोडो’ नावाचे खेळ रचण्याचे साधन विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. बारावीनंतर संगणकशास्त्राची किंवा संगणक अभियांत्रिकीची पदवी घ्यावी. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून आपल्याच राज्यात आहे. दहावीनंतर पदविकेची वाट धरणाऱ्यांसाठी शेजारच्या डिचोली तालुक्यात मये येथे तंत्रनिकेतन आहे. केवळ ‘गेम’ या एका शब्दावर भाळून महागड्या खाजगी वर्गात पैसे भरण्यापूर्वी घरच्यांशी व शिक्षकांशी बोलावे.

ज्यांना गणित रुचत नाही त्यांनीही निराश होऊ नये. चित्रकार, संगीतकार, कथालेखक आणि खेळ तपासणारे परीक्षक यांचीही या कामात गरज असते. दशावतारी मंडळात केवळ राजा असून भागत नाही. पेटीवाला आणि पखवाजवालाही लागतो.

दोन इशारे देणे आमचे कर्तव्य आहे. पहिला असा, की हा धंदा चंचल आहे. २०२३ व २०२४ या दोन वर्षांत जगातील अनेक मोठ्या कंपन्यांनी खेळ घडविणाऱ्या हजारो लोकांना कामावरून कमी केले. नोकऱ्या मुख्यतः पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांत आहेत. घर सोडावे लागण्याची तयारी हवी. म्हणूनच आम्ही पदवीचा आग्रह धरतो. खेळ रचू शकणारा मनुष्य बँकेची, इस्पितळाची वा विमानतळाची संगणक-प्रणालीही रचू शकतो. दुसरा इशारा पैशांच्या खेळाचा. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. जुगाराने घरे कशी बसतात हे गोव्यातील मुलांस निराळे सांगावयास नको. कला आणि जुगार यांतील भेद ज्याला कळत नाही त्याने या विद्येपासून दूरच राहावे.

आता त्या मुलाची हकीकत सांगून लेख पुरा करतो. आम्ही त्याला बोलावून विचारले, ‘‘पात्र उडी मारते ती कशी?’’ त्याला सांगता येईना. ‘‘मग आधी तेवढेच शोधून काढ,’’ असे म्हणून आम्ही त्याला शनिवारी संगणकाच्या खोलीत बसण्याची परवानगी दिली. अट एवढीच, की तेथे केवळ घडवावयाचे, खेळावयाचे नाही. तीन महिन्यांनी त्याने एक खेळ आणून दाखविला. काजूच्या झाडावरून बोंडू पडतात आणि खाली टोपली सरकवून ते झेलावयाचे. पहिला बोंडू टोपलीतून आरपार गेला. या वेळी मात्र वर्गात कोणी हसले नाही. त्याने वही उघडली, एक ओळ दुरुस्त केली, आणि दुसरा बोंडू टोपलीत पडला. त्याचे वडील मागच्या बाकावर बसून पाहत होते. ते म्हणाले, ‘‘सर, रात्री मोबाईल आता माझ्या उशाशी असतो. पण शनिवारची ही खोली याची बंद करू नका.’’

तो प्रोग्रामर होईल की नाही हे आज कोण सांगणार? परंतु आपली चूक आपण शोधून ती सुधारावयास तो शिकला, आणि आम्हीही शिकलो. शनिवारी दुपारी ती खोली उघडी असते. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आलेखकागद आणि पेन्सिल घेऊन यावे. संगणक आमच्याकडे आहे.