छाटणीनंतरचा गुलाब: फवारणीआधी कीड ओळखा

कोजागिरी उलटून गुलाबाच्या छाटणीला हात लागला की पुढे उन्हाळ्यापर्यंत या झाडावर किडींची पाळीच लागते. कोवळ्या फुटीवर मावा, कळी धरली की फुलकिडे आणि ऊन तापू लागले की लाल कोळी. खवले कीड मात्र आधीपासूनच खोडाला चिकटून असते. पावसाळ्यात पानांच्या गर्दीत ती दिसत नाही, छाटणीच्या दिवशी उघडी पडते. म्हणून कामाची सुरुवात तिच्यापासून करावी.

बुडाकडच्या जुन्या फांद्यांवर तांबूस-करड्या ठिपक्यांचा दाट थर दिसला तर नखाने खरवडून पाहा. टिकली निघाली आणि खाली पिवळसर ओला जीव दिसला, तर ती खवले कीड. पुष्कळ जण तिला बुरशी समजून बुरशीनाशक मारत बसतात. मादी एकदा बसली की जागची हलत नाही आणि अंगावरच्या कवचामुळे फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. इथे सिकेटर आणि ब्रश हीच खरी औषधे. जास्त भरलेल्या फांद्या कापून जाळा, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. राखायच्या खोडावर स्पिरिटमध्ये बुडवलेला जुना दातांचा ब्रश फिरवा. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवण्याची जुनी पद्धत कीड मारते हे खरे, पण हात जरा जड पडला तर साल आणि नवा डोळाही भाजतो. कुंडीतल्या झाडाला तरी स्पिरिटच बरे. कवचाखालून बाहेर पडणारी रांगती पिले उघड्या अंगाची असतात, तेवढ्याच अवस्थेत फवारणी लागू पडते. लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून मारा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारा. छाटलेल्या टोकांना त्याच दिवशी १० टक्के बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे फांदी टोकाकडून काळी पडत वाळण्याचा धोका कमी होतो.

नवी फूट लालसर, लुसलुशीत असते तेव्हा मावा येतो. शेंड्यावर आणि कळीच्या देठावर हिरव्या किंवा गुलाबी किड्यांचा पुंजका, खालच्या पानांवर चिकटा आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा दिसली की ओळखायला दुसरी खूण नको. माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती थेट पिले घालते आणि आठवडाभरात ती पिलेही प्रसवू लागतात. तरीही माव्याला फार घाबरण्याचे कारण नाही. घरच्या बागेत नळीच्या पाण्याचा जोरदार फवारा सकाळी दोन-तीन दिवस मारला तर बहुतेक मावा खाली पडतो आणि परत चढत नाही. पुंजक्यात ढालकिडे किंवा त्यांच्या काळ्या-नारिंगी अळ्या फिरताना दिसल्या तर चार दिवस हात आवरा, त्या काम करताहेत. मावा पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी युरियाचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झाले की फूट मऊ आणि रसाळ होते, किडीला तेच हवे असते.

गुलाबाचा खरा तोटा फुलकिडे करतात. शेतकरी यांना थ्रिप्स म्हणतात. कीड जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, त्यातून कळीच्या पाकळ्यांत दडलेली. ती पाकळी खरवडून रस शोषते. मग कळी नीट उमलत नाही, कडा तपकिरी होतात, पाने वाकडी होऊन वरच्या बाजूला वळतात. पांढऱ्या, पिवळ्या आणि फिकट गुलाबी जातींवर डाग लगेच उठून दिसतात. गडद लालमध्ये ते बरेचसे लपतात, बाजारात मात्र तेही पकडले जातात. कळी पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटका. पिवळसर किंवा काळपट बारीक रेघा चालू लागल्या की समजायचे. मिरचीवर चुरडामुरडा आणणारी फुलकिड्यांची जात गुलाबावरही जगते आणि द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवरही. नाशिककडे द्राक्षाची फळछाटणी आणि गुलाबाची छाटणी साधारण एकाच हंगामात येते. बांधाला द्राक्ष किंवा मिरची असेल तर कागदाची ही तपासणी आठवड्यातून दोनदा करावी.

फुलकिडे आटोक्यात येत नाहीत याचे एक कारण मातीत आहे. त्यांची कोषावस्था बहुतांशी झाडाखालच्या मातीत आणि पालापाचोळ्यात जाते, अंडी पानाच्या किंवा पाकळीच्या आत असतात. एका फवारणीने फक्त मधली अवस्था मरते. म्हणून बिघडलेल्या कळ्या खुडून पिशवीत बंद करून बाहेर न्या, बुडाची माती हलकी चाळवा आणि निळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर लावा. पिवळे सापळे मावा आणि पांढरी माशी यांच्यासाठी. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, सहा-सात दिवसांच्या अंतराने संध्याकाळी मारा. भागले नाही तरच रासायनिक कीटकनाशक, तेही लेबलवर गुलाबाचे नाव असलेले, आणि पुढच्या वेळी वेगळ्या गटातले.

दुकानात ‘गुलाबाला कीड लागलीय, औषध द्या’ म्हटले की बहुधा सायपरमेथ्रिनसारखे काहीतरी हातात पडते. लाल कोळीसाठी यासारखे वाईट काही नाही. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. अशा औषधाने तो मरत नाही, मात्र त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि पंधरा दिवसांत कोळी दुप्पट जोमाने दिसतो. फेब्रुवारीनंतर पानाची चमक गेली, वरून बारीक पिवळे टिंब आले, तर पान उलटून भिंगातून पाहा. हलणारे ठिपके आणि कोळिष्टकासारखी जाळी दिसेल. तिशीच्या पुढच्या तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्या-दीड आठवड्यात होते. धुळीच्या रस्त्याकडेची आणि पाण्याचा ताण बसलेली झाडे आधी पकडली जातात. पानांची खालची बाजू सकाळी पाण्याने धुवा, जेणेकरून दुपारपर्यंत पान सुकेल. पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम चालते, पण ऊन ३२ अंशांवर गेले असेल किंवा नुकतेच तेल फवारले असेल तर पान करपते. दोन्हींत किमान दोन आठवडे जाऊ द्या.

काही खुणा पाहून मात्र काहीच करू नये. पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे सुबक गोल काप दिसले तर ते पानकापी मधमाशीचे काम. ती घरट्यासाठी तुकडा नेते, झाडाचे काही बिघडत नाही. कळीला भोक आणि बाहेर काळी विष्ठा असेल तर ती हरभऱ्यावरची घाटे अळी, कळी खुडून अळी चिरडणे पुरे.

कुंडीत थिमेटचे दाणे घालण्याची सवय अजून गेलेली नाही. थिमेट म्हणजे फोरेट. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस या दोघांवर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, घरात जुना डबा पडला असला तरी वापरू नये. गावठी गुलाबाच्या पाकळ्या गुलकंदात जातात, तिथे तर अंगात मुरणारे कुठलेच विष नको. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारताना शेतकरी दगावले, त्यामुळे हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी चार झाडांच्या बागेतही पाळाव्यात.

पहिला वळीव पडला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात आणि रात्रीतून पानांची चाळणी करतात. त्यांना औषधाची गरज नाही. अंधार पडल्यावर फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत गोळा करा. आठवडाभर हे केले तर पुढे मुळ्या खाणारी हुमणीही कमी होते.